ओल किती

बेदाणा मुठीत घ्यायचा, दाबायचा, सोडायचा.
सुटा झाला तर माल चांगला.
चिकटून राहिला तर ओल आहे, भाव पाडा.
बावीस वर्षं तासगावच्या यार्डात सौदे पुकारतोय,
ज्यात पाणी कमी त्याला बोली जास्त,
एवढंच शिकलो.

आणि मगदूम डॉक्टर सोनोग्राफीचा कागद
खिडकीकडं धरून म्हणतात,
पाणी वाढवा. तीन लिटर तरी रोज.
डाव्या किडनीत आठ मिलिमीटरचा खडा आहे.
आठ मिलिमीटर.
मी मनातल्या मनात प्रतवारी लावली:
मध्यम दाणा, रंग काळा,
निर्यातीच्या लायकीचा नाही.

खरं सांगू, मला पाणी आवडत नाही.
लोक हसतात. पाण्याला कुठं चव असते?
असते.
सावळजच्या पुढं आमच्या वस्तीवर टँकर यायचा,
त्या पाण्याला डिझेलची चव, गंजक्या बॅरलची,
आणि तळाशी
रांगेत झालेल्या भांडणाची.
नाक दाबून प्यायला शिकलो.
आता घरी फिल्टर आहे, पाणी काचेसारखं,
चव पुसलेल्या पाटीची.
तरी हात नाकाकडं जातोच.

सगळं करून झालं.
लिंबू पिळलं, तिसऱ्या दिवशी दात आंबले.
सब्जा घातला, बेडकाची अंडी गिळल्यागत झालं.
वाळा. जिरं. सासऱ्यांनी दिलेला तांब्याचा तांब्या,
त्यातलं पाणी म्हणजे जिभेवर जुना ढब्बू पैसा.
वैजयंतानं बाटलीवर पेनानं रेघा मारल्या,
नऊ, अकरा, एक, चार.
रात्री ती बाटली उजेडात धरून बघते
आणि काही बोलत नाही.
तिचं ते न बोलणं
पाण्याहून जड जातं गिळायला.

एका सोमवारी सौदे आटोपले,
व्यापारी चहाला पांगले,
टेबलावर सांडलेले दाणे तेवढे उरले.
मी पेला भरून मधोमध ठेवला
आणि माझ्याच आवाजात पुकारा केला:
एक घोट, एक घोट, बोला पुढं,
दोन! कोण म्हणालं दोन?
मीच.
दोनला एक... दोनला दोन...
सातव्या घोटाला समोर गिऱ्हाईकच नव्हतं,
पेला माझ्याच नावावर सुटला.

दारात दस्तगीर उभा होता, खांद्यावर खोकं.
हसला नाही.
दुसऱ्या दिवशी त्यानं आपली बाटली पुढं केली,
तळाला मूठभर काळे दाणे, रात्रभर भिजलेले.
"सायेब, माल आपलाच हाय," म्हणाला,
"चव वळखीची लागंल."

लागली.
गोड म्हणता येणार नाही, गोडाच्या जरा अलीकडं.
शेडच्या जाळीची, फेब्रुवारीच्या कोरड्या वाऱ्याची,
मणेराजुरीकडच्या कुठल्याशा माळाची.
पहिल्यांदाच नाक मोकळं ठेवून प्यायलो.

आता रोज झोपताना पेल्यात अकरा दाणे टाकतो.
अकराच का, विचारू नका.
सकाळी बघावं तर सुरकुत्या गेलेल्या,
कातडी ताणलेली, जवळजवळ द्राक्षं.
जवळजवळच.

हिशेब पाठ आहे मला:
चार किलो द्राक्षं वाळवली की एक किलो बेदाणा.
उरलेलं तीन किलो पाणी हवेत जातं,
कुठल्याच वहीत त्याची नोंद नाही.
तीन किलो.
म्हणजे तीन लिटरच की.
बावीस वर्षांत किती उडवलं असेल मी,
ओरडून ओरडून, हवा, हवा, अजून कोरडं हवं.

खडा आहे अजून. दिवाळीनंतर परत फोटो काढायचाय.
आत्ता चार वाजलेत
आणि पाणी एकच्या रेघेवर.
वैजयंता यायला तासभर आहे.
घसा खाकरतो,
एक घोट, एक घोट,
बोला पुढं.